किनाऱ्यावर तंबू टाकला की शिधा दगा का देतो? सादळलेले पोहे, कच्ची खिचडी आणि आंबलेले डबे

हर्णै असो, मालगुंड असो की तारकर्ली, समुद्रालगत तंबू टाकून दोन-तीन रात्री काढणाऱ्यांची रडगाणी ठरलेली असतात. चिवडा दुसऱ्या सकाळी चामट. दूध पावडरचा दगड. मिठाच्या पुडीला पाणी सुटलेलं. डब्यातल्या बटाट्याच्या भाजीला तार. खिचडी वरून शिजलेली, मधे कचकचीत, आणि गॅस संपलेला. वैतागून मंडळी शेवटी जवळच्या खानावळीत मासळीची थाळी मागवतात आणि स्वस्तातला मुक्काम हॉटेलच्या भावात पडतो. थाळीबद्दल तक्रार नाही, पण मग तीन किलो शिधा पाठीवर वाहून आणला कशाला?

बहुतेकांची यादी घाटावरच्या ट्रेकची असते. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर हिवाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे तिथे नुसतं वजन सांभाळलं तरी भागतं. किनाऱ्यावर डिसेंबरातही पहाटे तंबूचं कापड आतबाहेर ओलं असतं. इथे आधी ओल, मग इंधन आणि वजन सगळ्यात शेवटी, असा विचार करावा लागतो. वजन तर आपोआपच कमी होतं, कारण कोकणात टिकणारं खाणं म्हणजे मुळात शिजवून किंवा भाजून कोरडं केलेलं खाणं: पोहे, लाह्या, सातू, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, फुटाणे. आपल्या आज्यांनी ही सोय बॅकपॅक यायच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे.

हवाबंद भरलं होतं, तरी सादळलं

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. दोष बहुधा पिशवीत नसतो, भरण्याच्या वेळेत असतो. पोहे किंवा रवा भाजून गरम असतानाच पिशवीत कोंबला की वाफ आतच अडकते. थोड्या वेळाने पिशवीला आतून घाम आलेला दिसतो, आणि तो घाम पोहेच पितात. उलट टोकही तितकंच वाईट. निघायच्या आदल्या रात्री भाजायचं, परातीत पसरून झोपायचं आणि पहाटे भरायचं. रात्रभर ते पोहे मुंबई-ठाण्याची दमट हवा शोषत पडलेले असतात, म्हणजे सादळलेला मालच आपण हवाबंद करतो.

भाजायचं ते दुपारी, कारण दिवसभरात हवेतला दमटपणा त्या सुमाराला सर्वांत कमी असतो. पसरून ठेवायचं, हाताला गार लागलं की लगेच भरायचं. तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नका. भरण्याआधी एक पोहा बोटांत चुरून बघा. कट्कन तुटला पाहिजे, वाकला तर परत कढईत.

दुसरा चोर म्हणजे मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ज्यात मिसळलेलं असेल त्याला ओलं करतं. म्हणून घरी तयार केलेल्या कुठल्याही कोरड्या मिश्रणात मीठ घालायचं नाही. ते वेगळ्या छोट्या बाटलीत, सोबत चिमूटभर भाजलेले तांदळाचे दाणे. गुळाचीही तीच खोड. सातूच्या पिठात गूळ किसून ठेवला तर दुसऱ्या दिवशी बाटलीतून पिठाचा एक अखंड गोळा बाहेर येतो, किंवा येतच नाही. पिठात पिठीसाखर चालते. गूळ हवाच असेल तर खडा वेगळा गुंडाळून न्या आणि खाताना चुरा.

मग भांडी. किराणा दुकानातल्या पातळ पिशवीवर विश्वास टाकू नका. जाड झिपच्या पिशव्या बऱ्या, पण माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या, धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेल्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत जवळजवळ चारशे ग्रॅम तांदूळ बसतात, बाटलीचं स्वतःचं वजन नगण्य, झाकण घट्ट, मुंग्यांना वाट नाही आणि वाळूही आत जात नाही. कागदाचं नरसाळं करून भरायचं. पीठ मात्र बाटलीच्या गळ्यात अडकतं, त्याला रुंद तोंडाची बरणी बघा.

याहून महत्त्वाचं: एका वेळचं एका पुडीत. एकच मोठी पिशवी चार वेळा उघडली की चार वेळा दमट हवा आत जाते, आणि चौथ्या जेवणाला जे हाती येतं त्यालाच आपण 'कोकणातली हवा' म्हणून शिव्या घालतो. बाटल्या मोठी भांडी म्हणून ठेवा, आत प्रत्येक जेवणाची छोटी पुडी असू द्या. पहाटे दव पडत असताना काहीही उघडू नका, चहाची साखर-पावडर सुद्धा रात्रीच एका पुडीत काढून ठेवा.

सादळलंच, तर? चिवडा, पोहे, कुरमुरे मंद आचेवर कोरड्या पातेल्यात तीन-चार मिनिटं परतले की पुन्हा कुरकुरीत होतात. पापड विस्तवावर धरला की झालं. दूध पावडरचा खडा आधी थोड्या कोमट पाण्यात चेपून मग पातळ करा, सरळ उकळत्या चहात टाकलात तर गुठळ्या तरंगत राहतील. शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याला मात्र खवट वास आला की इलाज नाही. तेलच खराब झालेलं असतं, भाजून ते सुधारत नाही. टाकून द्या. म्हणूनच दाण्याचं कूट करून नेण्यापेक्षा अख्खे भाजलेले दाणे न्यावेत, कूट फार लवकर खवटतं.

गॅस संपला, भात कच्चा

याचं मूळ तांदूळ निवडण्यात असतं. साधा तांदूळ उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटं घेतो. वाटेत दापोलीच्या किंवा कुडाळच्या बाजारात कोणी हौसेने उकडा तांदूळ घेतला तर त्याच्या दुप्पट वेळ समजा. उकड्याची पेज चुलीवर, घरी, निवांत. कॅम्पच्या छोट्या शेगडीवर तो गॅस खाणारा राक्षस आहे. तूरडाळही तशीच, कुकरशिवाय ती नादाला लावते.

यावर सोपा उपाय म्हणजे भरडा. तांदूळ आणि मुगाची डाळ दोनास एक या मापाने घरी खमंग भाजा, गार करा, मिक्सरमधून जाडसर काढा. रव्यापेक्षा मोठा, कणीपेक्षा लहान असा दाणा हवा. त्यात जिरं, हळद, मिरपूड, उन्हात वाळवलेला कढीपत्ता. एका माणसाला एका वेळी १२० ग्रॅम, आणि मापाने त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट पाणी. उकळत्या पाण्यात हळूहळू सोडायचं, ढवळायचं, सात-आठ मिनिटांत खिचडी तयार होते. वरून चमचाभर तूप. ज्यांना भरड दळायचा कंटाळा आहे त्यांनी बाजारातल्या तांदळाच्या कण्या घ्याव्यात, त्याही अख्ख्या तांदळापेक्षा लवकर शिजतात.

अख्खा भातच हवा असेल तर अर्धा तास भिजवा, उकळी आणा, पाच मिनिटं शिजवा, गॅस बंद करून झाकणासकट पातेलं पंचात किंवा जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि स्लीपिंग बॅगेत खोचून वीस मिनिटं विसरा. राहिलेलं काम कोंडलेली वाफ करते. झाकण मात्र हवं. झाकणाशिवाय शिजवणारे अर्धा गॅस समुद्राला वाहतात.

रात्रीच्या जेवणासाठी माझी पहिली पसंती कुळथाची पिठी. भाजलेल्या कुळथाच्या पिठात तिखट, हळद, हिंग आणि वाळवलेल्या लसणाचा चुरा आधीच घालून ठेवायचा. माणशी दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं (गरम पाण्यात टाकलंत की गुठळ्या झाल्याच), मग दोन-तीन आमसुलं आणि मीठ घालून ढवळत उकळायचं, पाच-सहा मिनिटं. भाताबरोबर खा किंवा वाटीने प्या. प्रथिनं आहेत, पोटात ऊब येते, आणि खर्च किती तर एका चहाएवढाही नाही.

शेगडी पेटूनही पाणी उकळत नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी वाऱ्याची असते. दुपारी समुद्राकडून खारे वारे जोरात येतात, सूर्य मावळला की ते मंदावतात, आणि उशिरा जमिनीकडून मतलई वारे सुरू होतात. शाळेत भूगोलात पाठ केलेलं हे इथे कामाला येतं: स्वयंपाक चार-पाच वाजता मांडू नका, दिवेलागणीनंतर मांडा. वाडीतल्या गडग्याचा किंवा चिऱ्याच्या भिंतीचा आडोसा घ्या. पत्र्याचा वारारोधक वापरत असाल तर फक्त वाऱ्याच्या बाजूने अर्धवर्तुळ लावा. डब्यावरच बसणाऱ्या शेगडीला चारही बाजूंनी पत्रा गुंडाळला की खालचा गॅसचा डबा तापतो, आणि तो फुटू शकतो. वारा फार आहे म्हणून तंबूत शेगडी पेटवणं तर अजिबातच नको. कापड पेटतं हे दिसतं तरी, कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

करवंट्या आणि नारळाची सोडणं किनाऱ्यावर फुकट मिळतात, घरमालकाला विचारून चूल मांडता येते. सुरूच्या बनात मात्र विस्तव नको. खाली पडलेला सुरूचा पाला वाळला की भडकायला एक ठिणगी पुरे.

रेल्वेने निघालोय, गॅस नेता येत नाही

बरोबर आहे. गॅसचा डबा, स्पिरिट, रॉकेल असे ज्वालाग्राही पदार्थ गाडीतून न्यायला बंदी आहे, १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी शिक्षा आहे. 'पिशवीत तळाला ठेवला तर कोणाला कळतंय' हा सल्ला देणाऱ्यांनी गर्दीच्या डब्यात आग लागल्यावर काय होतं याचा विचार करावा. छोट्या गावात कॅम्पच्या शेगडीला फिरवून बसवायचे स्क्रूचे गॅसचे डबे मिळतीलच अशी आशाही धरू नका.

मग विस्तवाशिवायचा शिधा न्यायचा. सकाळी सातू: साठ ग्रॅम पीठ, दोन चमचे दूध पावडर, साखर, गार पाणी. दुपारी मेतकूट-पोहे: पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका, मेतकूट, मीठ, दोन चमचे तेल, आणि गावात कांदा-लिंबू मिळालं तर तेही. वाटेत तहानलाडू-भूकलाडू म्हणून फुटाणे, खजूर, चिक्की.

रात्रीला कोळाचे पोहे. दिवाळीत नरक चतुर्दशीला कोकणातल्या घरांत होतात तेच, आणि त्यांना चूल मुळात लागतेच कुठे, फोडणीपुरती! चिंचेचा कोळ आणि गूळ वाटीत कालवायचा, त्यात नारळाच्या दुधाची पावडर पाण्यात फेटून घालायची, मीठ, थोडं तिखट. पोहे त्यात पाच मिनिटं मुरू द्यायचे. फोडणी घरून आणायची: तेलात मोहरी, हिंग, सुकी मिरची, कढीपत्ता तडतडवून गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत. ताज्या नारळाच्या रसाची सर पावडरीला नाही हे मान्य, पण तंबूच्या दारात बसून विळीवर नारळ खवणार कोण? पावडरीचं छोटं पाकीटच घ्या, उघडलं की त्याच वेळी संपवा. हे पाकीट सादळायला दूध पावडरलाही मागे टाकतं.

घरून नेलेलं दुपारपर्यंत आंबतं

ओलं खोबरं घातलेलं काहीही पहिल्या जेवणानंतर उरू देऊ नका. चटणी, पाटवडी, खोबऱ्याचं सारण, सगळं. बटाट्याची भाजी गरम डब्यात कोंबून नेली तर चार-पाच तासांत वास येऊ लागतो. अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात पडून राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला डबा नेमका त्याच पट्ट्यात असतो.

टिकतात त्या दशम्या, धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, पूर्ण गार करून, कापडात गुंडाळून. थंडीत दोन दिवस निर्धास्त. सोबत सुक्या खोबऱ्या-लसणाची किंवा कारळ्याची चटणी. बाहेरगावी नेताना उकडलेली अंडी जास्त टिकतील असं अनेकांना वाटतं. उलट आहे. कच्चं अंडं सावलीत काही दिवस राहतं, उकडलेलं काही तासांत संपवावं लागतं. गावातच रोजच्या रोज दोन-चार घ्या.

रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा मोह होतो. घरी फ्रिजमधला भात वेगळा, तंबूतला वेगळा. शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू कोमट भातात पुन्हा उगवतात आणि त्यांनी सोडलेलं विष फोडणीच्या आचेने जात नाही. आमसूल घातलंय म्हणून टिकेल, हेही खरं नाही. भात मोजून लावा.

सगळं कोरडं नेलं, तरी पाठ मोडली

मग पाण्याने मोडली. माणशी दिवसाला अर्धा किलोच्या आसपास कोरडा शिधा पुरतो: सातू, पोहे, भरडा, पिठी, तूप, मधल्या वेळचं सगळं धरून साधारण दोन हजार ते बावीसशे कॅलरी, आणि वाण्याच्या भावाने शंभर रुपयांच्या आत. पण तो शिजवायला-भिजवायला दीड लिटर पाणी लागतं, पिण्याचं तीन-चार लिटर वेगळंच. म्हणून तंबूची जागा ठरवण्याआधी विहीर किंवा नळ कुठे आहे ते विचारा. समुद्राच्या अगदी कडेच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होतं, चाखून मगच बाटल्या भरा, आणि पिण्याचं उकळून घ्या. समुद्राचं पाणी मिठाऐवजी स्वयंपाकाला वापरायची कल्पना काहींना सुचते. लिटरमागे जवळपास ३५ ग्रॅम क्षार असतात त्यात, भात तोंडात धरवणार नाही. भांडी घासायला ते उत्तम, फक्त शेवटचा हात गोड्या पाण्याचा.

बाजारातली तयार भाजीची पाकिटं पुष्कळदा तीनशे ग्रॅमची असतात आणि त्यात बरंचसं पाणीच असतं. म्हणजे पैसे देऊन पाणी वाहायचं. एखाद्या रात्रीची चैन म्हणून ठीक.

संध्याकाळी डोकं धरतं, गळून गेल्यासारखं होतं, तेव्हा भुकेपेक्षा घामाने गेलेल्या मीठ-पाण्याचा संशय आधी घ्या. कोकम आगळाची छोटी बाटली जवळ असू द्या. पाण्यात आगळ, मीठ, जिरेपूड घातली की तिवळ तयार.

रात्री कुत्री येतात, सकाळी खेकडे

सुका जवळा हलका, स्वस्त, प्रथिनांनी भरलेला, आणि भात-पिठीबरोबर त्याला तोड नाही. पण निवडून, वाळू झटकून, घरीच खमंग भाजून बाटलीत न्या. कच्चा जवळा पिशवीत घेऊन एसटीत बसलात तर शेजारची सीट रिकामी मिळेल, हा फायदा सोडला तर बाकी नुकसानच. तंबूत मासळी उघडी ठेवू नका. खरकटं वाळूत पुरूही नका, कुत्री ते उकरतात, आणि वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून कासवांची घरटी असतात. खरकट्याच्या वासाने आलेली कुत्री पुढे अंड्यांपर्यंत पोचतात. अशा किनाऱ्यावर विस्तव आणि प्रखर दिवेही नकोत, गावात मुक्काम करा. उरलेलं अन्न सकाळी वाडीतल्या गुराढोरांना चालतं का ते विचारून द्या, नाहीतर पिशवीत परत न्या.

तिसऱ्या दिवशी पोह्यांकडे बघवत नाही

ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर शिध्याचं वजन न वाढवता उपाय आहे. चव बदलणाऱ्या गोष्टी पाच-दहा ग्रॅमच्या असतात: आमसूल, आंबोशीचा चुरा, मिरगुंड, पोह्याचा पापड, लसणाची चटणी. फणसाचे तळलेले गरे गावात घ्या आणि त्याच दिवशी संपवा, पाकीट फोडल्यावर ते रात्रभरही धीर धरत नाहीत. दुकानं मात्र सकाळीच गाठा, लहान गावांत दुपारी एक ते चार फळ्या लागलेल्या असतात आणि मालकाला वामकुक्षीतून उठवून हळदीची पुडी मागणं बरं दिसत नाही. सांडगी मिरची तळायला तेल लागतं, पण निखाऱ्यावर भाजली तरी छान लागते. फक्त भाजताना तंबू वाऱ्याच्या खालच्या अंगाला नसावा, नाहीतर आतले सगळे ठसका लागून बाहेर येतील.